मडमेची दुलई

नागूअण्णानं ती दुलई धुतली नव्हती. मी धुतली होती. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आई गेली, तिलाही नाही. बायकोला नाही. पंचेचाळिशी उलटल्यावर आज बेळगावात बसून लिहितोय, ते आमच्या गुंद गावात मागं राहिलेल्यांसाठी, आणि माझ्यासारखे रान सोडून इकडं आलेल्यांसाठीही.

मी गाव सोडलं त्या दिवशी लोंढ्याच्या ठेसनापर्यंत पोचवायला नागूअण्णाच आला होता. माझा चुलतभाऊ, सहा वर्षांनी थोरला. साहेबाच्या सामानाच्या बैलगाड्या पुढं, आम्ही दोघं मागून चालत. माझी ट्रंक त्याच्या डोक्यावर आणि काखेत काकूनं, म्हणजे त्याच्या आईनं, जुन्या लुगड्यांची शिवलेली वाकळ. मी ट्रंक मागितली की म्हणायचा, "ऱ्हाऊ दे रं. तितं गेल्यावर उचलायचंच हाय तुला, जल्मभर." गाडी आली. वाकळ माझ्या हातात देताना तो हळूच बोलला, "तितं पान्याचं काम पडलं, तर आदी कुनाला तरी इचार."

मी मान हलवली. गाडी सुटल्यावर रडलो. शेजारच्या बाईला वाटलं, भावासाठी रडतोय. तिनं मूठभर चुरमुरे दिले. मी रडत होतो ते भीतीनं. त्याला ठाऊक होतं, हे मला तेव्हा कळलं.

काय ठाऊक होतं, ते आता सांगतो.

गावाच्या वरच्या अंगाला जंगलखात्याचा बंगला होता. तिथं नागूअण्णा राखणीला. त्या साली एक गोरा साहेब मडमेला घेऊन दोन महिने मुक्कामाला होता. त्याची बेळगावला बदली ठरली होती आणि तो नागूअण्णाला घरकामाला बरोबर नेणार होता. काकूचं अख्ख्या गावात सांगून झालं होतं. मी वीस वर्षांचा, बंगल्यावर पाणी भरायला जायचो. साहेब-मडम चार दिवस सुप्याकडं गेले. नागूअण्णालाही लाकडाच्या कामावर एक दिवस बोलावणं आलं. जाताना त्यानं दुलईच्या पेटीची किल्ली माझ्याकडं दिली आणि म्हणाला, "मडमेच्या दुलईला ऊन दाव. तेवडंच."

तेवढंच केलं असतं, तर हे लिहावं लागलं नसतं.

घट बसायला तीन दिवस होते. आमच्याकडं दसऱ्याचं धुणं म्हणजे घरातली एकूण एक वाकळ, कांबळं, बारदान सगळं व्हाळावर जातं. त्या ओढ्याच्या दोन्ही काठांवर सगळा गाव असतो. वाकळा भिजवायच्या, दगडावर घालून पायांनी तुडवायच्या, मग दोघांनी दोन टोकं धरून पिळायच्या. घट बसताना घरात न धुतलेलं अंथरूण राहिलं, तर ते घर पारोसं. मी दुलई उन्हात टाकली आणि वाटलं, बंगला तेवढा पारोसा का ठेवायचा? खरं सांगायचं तर एवढंच नव्हतं. मडमेनं शुभ्र दुलई बघावी, कुणी धुतली म्हणून विचारावं, आणि माझं नाव निघावं, असंही मनात होतं.

बंगल्यामागं व्हाळाचा डोह होता. तिथं मी ती दुलई तुडवली. आत बदकाच्या छातीची मऊ पिसं आहेत, हे मला कसं ठाऊक असणार! मला वाटलं, कापूस असेल. भिजल्यावर ती एवढीशी झाली, एखादं जनावर भिजून हडकावं तशी. मी आणखी जोर लावला. दगडावर आपटली. शिवण उसवली आणि पांढरी पिसं भसाभसा पाण्यात उतरली.

खालच्या वळणावर बायका धूत होत्या. त्यांच्या ओरडण्याचा आवाज मला वर ऐकू आला.

"अगं बया! वर कोन बदाक सोलतंय गं?"

"साहेबाचंच आसनार. दसरा त्याला काय म्हाईत!"

हसण्याचा गलका झाला. मी झाडाआड बसून राहिलो. कुणी वर आलं नाही.

मग घाईघाईनं दाभणानं शिवण घातली, दुलई पिळली, कातळावर टाकली. संध्याकाळी वरून हात लावला तर कोरडी. घडी केली, पेटीत घातली, पेटीला कुलूप लावलं. आत पिसांचे गोळे झाले होते, भिजल्या पिठाच्या गोळ्यांसारखे. ते मला हाताला लागले होते. तरी कुलूप लावलं.

चौथ्या दिवशी मडमेनं पेटी उघडली आणि नाकाला रुमाल लावला. आतून मेलेल्या कोंबडीसारखा वास येत होता. साहेबानं विचारलं, किल्ली कुणाकडं होती? नागूअण्णानं एकदा माझ्याकडं बघितलं. मी जमिनीकडं बघत होतो. तो म्हणाला, "माज्याकडं हुती, साब."

साहेब रागावला नाही. त्यानं नुसतं बोट फिरवलं. नागूअण्णावरून माझ्यावर आणलं आणि म्हणाला, बेळगावला हा येईल.

नागूअण्णा तसं का बोलला, हे मी त्याला कधी विचारलं नाही. विचारायचं म्हणजे आधी कबूल करायला हवं होतं.

बेळगावात कॅम्पातल्या म्हाताऱ्या धोब्यानं मला पिसांची दुलई धुवायला शिकवली. मी त्याला विचारलं. अण्णानं सांगितलेलं तेवढं मात्र पाळलं. कोमट पाणी, रिठ्याचा फेस, तळव्यांनी दाबायचं. पिळायचं नाही. उचलताना खाली चादर घालून दोघांनी उचलायची, आजारी माणसाला उचलतात तशी. मग बाजेवर पसरून दर तासाला उलटायची, बोटांनी गोळे सोडवायचे, थोपटायची. दोन दिवस, कधी तीन. "वरून हात लावून फसू नको," म्हातारा म्हणायचा. "घडीत नाक घाल. नाक खोटं बोलत नाही." मी नाक घालायचो आणि दर वेळी गुंदच्या त्या पेटीचा वास यायचा. दुलई स्वच्छ असायची तरी.

साहेब विलायतेला गेला, दुसरे आले. माझं काम टिकलं, टिळकवाडीत बिऱ्हाड झालं, मुलं शाळेत गेली. काकूची वाकळ अजून आहे. दसऱ्याला ती मी स्वतः धुतो, नळाखालच्या फरशीवर तुडवून. बायको म्हणते, "काय हो, मळणी तुडवल्यासारखं!" वाकळ सगळं सोसते.

आठ वर्षांनी एकदा दसऱ्याच्या धुण्याला गावी गेलो होतो. व्हाळावर नागूअण्णा वाकळ पिळत होता, दुसरं टोक त्याच्या गंगीच्या हातात. पलीकडून कुणीतरी ओरडलं, "ए पिसंवाल्या! यंदा बदाक आनलंस काय गा?" सगळा काठ हसला. नागूअण्णाही हसला. "व्हय, तुज्या उशीत घालतो ये!" म्हणाला.

मीही हसलो. सगळ्यांबरोबर, मोठ्यानं.

गंगी मात्र हसली नव्हती. तिला बघायला आलेल्या एका घरानं "पिसंवाल्याची लेक व्हय?" एवढं म्हणून पाय मागं घेतला होता, ते मला त्याच दिवशी आईकडून कळलं. रात्रीच्या मुक्कामाला न थांबता मी परतलो. साहेबाचं काम आहे म्हणून सांगितलं. काम नव्हतं.

पुढं गंगीचं लग्न गावातच झालं. गेल्या महिन्यात तिनं मास्तरांकडून पत्र लिहवून घेतलं. अण्णाला आता नीट दिसत नाही, रानात जात नाही. विचारतोय, यंदा धुण्याला येतोस काय? एक टोक धरायला माणूस हवं.

इकडं आलेल्या आमच्यापैकी पुष्कळांना गाव म्हटलं की शेत आठवतं, देऊळ आठवतं. मला व्हाळ आठवतो, आणि माझ्या वाटणीचं हसू सोसून उभा असलेला एक माणूस. मी येतोय. वाकळ घेऊनच येतोय.

हे लिहून काही फिटलं नाही. कागदावर लिहिणं सोपं आहे. नागूअण्णाचं मी देणं लागतो ते एवढंच: धुण्याच्या दिवशी, दोन्ही काठांवर गाव असताना, त्याच्यासमोर उभं राहून मोठ्यानं म्हणायचं, की ती दुलई मी धुतली.