रिकाम्या पाटाकडे मागितलेलं पाणी

काल दुपारी माझी सात वर्षांची सुमी स्वयंपाकघरात गेली आणि रिकाम्या पाटाकडे बघून म्हणाली, "पाणी दे." मग वाट बघत उभी राहिली, जणू तिथे कुणी बसलं होतं. मी दारातून हाक मारली, तर तिने मान वळवली नाही. माझ्या अंगावर काटा आला.

सुमी स्वमग्न आहे. एवढे दोन शब्द यायला वर्ष गेलं. ते शिकवायला रोज मी त्याच पाटावर, तोच पितळी पेला घेऊन बसायची. तिची आई पाटावरची असेल, तर दारातली मी कोण? आणि मी मेल्यावरही ही त्या पाटाकडेच मागत राहील का?

आज सकाळी सुमीच्या शाळेतल्या बाई म्हणाल्या, "अहो, तुम्ही तिला माणसाकडे मागणं नाही, जागा शिकवलीत. आता जागा बदला, भांडं बदला, माणूस बदला."

म्हणून दुपारी आम्ही दोघी शेजारच्या काकूंच्या अंगणात बसलो. काकूंनी स्टीलचा तांब्या धरला. "माग गं, मी काय भूत आहे?"

सुमीने तांब्याकडे पाहिलं. ओठ सुकले होते. मग म्हणाली, "पाणी दे."

मी आधी काकूंच्या मागे पाहिलं. तिथे नुसती भिंत होती. सुमी काकूंकडेच बघत होती.