ओट्याचं माप

शेजारी घरापुढच्या ओट्याचं काम निघालंय. ओल्या सिमेंटचा वास आला आणि ती दुपार आठवली. आमच्या ओट्याला गंगाखेडहून फरशी आणायची होती, पण किती? यांनी टेप काढलाच नाही. मला भिंतीकडेला, पलीकडं तिन्ही लेकरांना ओळीनं मातीत आडवं केलं, शेवटी स्वतः निजले आणि गवंड्याला चुन्याची रेघ मारायला सांगितली. उठल्यावर ती रेघ आणखी चार माणसांएवढी पुढं सरकवली.

“मास्तर, फरशी लय लागंल की!” गवंडी म्हणाला.

“लागू दे. उद्या सुना-नातवंडं येतील, त्यायला नको का जागा?”

लोक बघतायत म्हणून मी तेव्हा लाजेनं डोळे मिटून घेतले होते.

आता हे नाहीत, लेकरं पुण्याला. उन्हाळ्यात सगळा ओटा धुऊन काढते आणि अंथरूण भिंतीकडेलाच टाकते, माझ्या मापाच्या जागेत.