दाबा, धरा, सोडा

रविवारी सकाळी चहाचा कप हातात घ्यावा आणि गेटची कडी वाजावी. बाहेर आबा उभे असणार, तेलकट हात पाठीमागे लपवून, आणि म्हणणार, "बाई, जरा पाय देता का?"

पाय म्हणजे माझा उजवा पाय. तळेगावात आमच्या शेजारी राहणाऱ्या किसनआबांकडे एक जुनी पिकअप होती, बसक्या नाकाची आणि गोल डोळ्यांची. तिच्या ब्रेकच्या नळ्यांत शिरलेली हवा काढायला दोन माणसं लागायची. एकाने वर बसून पेडल दाबायचं, दुसऱ्याने चाकामागे आडवं होऊन एक बारीकसा नट सैल करायचा. खालून हुकूम यायचे, "दाबा. दाबा. आता धरा." धरा म्हटलं की पेडल तसंच दाबून ठेवायचं. आबा नट सैल करायचे, तेलाबरोबर बुडबुडे बाहेर पडायचे, नट पुन्हा आवळला जायचा आणि मग कुठे "सोडा" ऐकू यायचं. त्याआधी पाय उचलला तर बाहेरची हवा परत आत, पेडल मऊ, आणि सगळं पहिल्यापासून. मी शाळेत गणित शिकवते. वह्या तपासायच्या म्हणून राखलेले माझे किती रविवार त्या पेडलखाली गेले, ते देवालाच ठाऊक.

आबा मूळचे सोमाटण्याच्या पुढच्या एका वाडीतले. गाडी त्यांच्या वडिलांची. ती भाताची पोती आणि भाजी घेऊन तळेगावच्या बाजाराला यायची. पुढे ती गोठ्यात पडली आणि कोंबड्या तिच्यात अंडी घालू लागल्या. कंपनीतून निवृत्त झाल्यावर आबांनी ती ट्रॅक्टरला बांधून आमच्या गल्लीत आणली. बाकीची माणसं निवृत्तीनंतर काशीला जातात, आमच्या वाट्याला हे आले.

गाडी पुन्हा चालती का करायची, याचं कारण होत्या हौसामावशी, आबांच्या पत्नी. त्यांचं माहेर पवनानगरचं. लग्न झालं तेव्हा नवरी याच गाडीतून सासरी आली होती, पण मागे, पोत्यांवर. पुढच्या सीटवर सासरे आणि गावचे कुणी मानकरी बसले होते. मावशी ते विसरल्या नव्हत्या. "पोत्यावर बसून आले, आता म्होरं बसून म्हायेरच्या यात्रंला जाईन," त्या म्हणायच्या. "तवर मी काय हिच्यात पाय ठेवत न्हाई." आणि खरोखरच त्यांनी ठेवला नाही. म्हणून तर पेडल दाबायला शेजारची बाई लागायची.

आबांना सगळ्या जगाचा एकच आजार दिसायचा. पुतण्या निवडणुकीच्या गप्पा मारून गेला की म्हणायचे, "आत हवा हाय." बिल्डरचं नवं होर्डिंग लागलं, तरी तेच. माझ्या नवऱ्याने एकदा उद्यापासून पहाटे फिरायला जाणार म्हणून जाहीर केलं. आबांनी त्याला नीट न्याहाळलं आणि मला हळूच म्हणाले, "सायबांचं पेडल मऊ लागतंय." तिसऱ्या दिवशी पहाटे साहेब घोरत होते.

वैताग नुसता पायापुरता नव्हता. गाडीचे सुटे भाग वाळवायला आबांना आमची गच्ची लागायची. "तुमच्याकडं ऊन लय चांगलं," म्हणत ते जिना चढायचे. माझ्या पापडांशेजारी कार्ब्युरेटर पडलेला असायचा, आणि त्या वर्षीचे पापड आम्ही तळले तेव्हा घरभर पेट्रोलचा वास सुटला. मावशींची मोठी कढई गंजलेले बोल्ट डिझेलमध्ये भिजवायला गेली ती कायमचीच. "परत दिली तरी काय करू तिचं?" मावशी म्हणायच्या. "भजी धूर सोडत पळतील."

पण कळस झाला तो दसऱ्याला. गाडीची पूजा करून चाकाखाली लिंबं ठेवायची आणि गाडी त्यांवरून न्यायची, हे आमच्याकडे सगळेच करतात. मात्र ज्यांची गाडी चालते ते करतात. आबांच्या गाडीचे ब्रेक, हातब्रेकसकट, त्या दिवशी माझ्या गच्चीत वर्तमानपत्रावर पसरले होते. गल्ली उताराची, म्हणून पुढच्या चाकांना दगड लावलेले. आबांनी झेंडूचा हार घातला, मावशींनी ओवाळलं, आणि लिंबं ठेवायला जागा हवी म्हणून आबांनी चाकांखालचे दगड काढले. दोन्ही. मग लिंबं ठेवली आणि डोळे मिटून हात जोडले. गाडी लिंबं चिरडत शांतपणे निघाली आणि हारासकट आमच्या लोखंडी गेटात शिरली. आबांनी डोळे उघडले. आधी रस्त्यावरची लिंबं बघितली. "फुटली," ते समाधानाने म्हणाले. मागून मावशींचा आवाज आला, "चला, पवनानगरच्या वाटंला तरी लागली."

गेट दुरुस्त करायला मी वेल्डर बोलावणार होते. आबांना ते लागलं. "म्या मोडलं, म्याच करनार." त्यांनी गेट सरळ केलं, जागेवर बसवलं, मग त्यावरचा जुना रंग खरवडून काढला आणि लाल प्रायमर मारला. वरचा रंग कधी, असं विचारलं की म्हणायचे, "लोखंडाला जरा दम खाऊ द्या." पुढच्या दसऱ्यालाही लोखंड दमच खात होतं. पाहुणे विचारायचे, घराचं काम चालू आहे का?

गेल्या यात्रेच्या आधी मात्र गाडी खरंच तयार होती. रंग झाला होता, इंजिन गोड आवाज करत होतं. मावशींनी नवं लुगडं काढून ठेवलं होतं. आदल्या दिवशी आबा गल्लीतून एक फेरी मारून आले आणि म्हणाले, "पेडल अजून मऊ हाय. पुढल्या यात्रंला जाऊ." मावशी लुगडं उचलून आत गेल्या. माझा मात्र तोल गेला. "आबा, गाडी उत्तम थांबते. इतकी वर्षं मी दाबतेय, मला कळत नाही? त्या बिचारीला किती वाट बघायला लावाल?"

आबा बॉनेट पुसत राहिले. "थांबती, बाई. पर हिला म्होरं बसवायची तर नुसती थांबून भागत न्हाई," ते म्हणाले. "पेडल दगडावानी पायजे. पयल्यांदा मागं बसवली ती बाच्या शब्दावर. आता माज्या शब्दावर बसनार हाय ती." त्यांनी दुसऱ्याच दिवशी ब्रेकची एक नळी बदलायला काढली. मी कपाळावर हात मारून घेतला.

भाद्रपदात आबा गेले. सकाळी चहा पिता पिता, खुर्चीतच. मला फार रडू आलं आणि तितकाच रागही आला. नवी नळी बसवलेली होती, पण तिच्यातली हवा काढायची राहिलीच होती. असं अर्धं काम टाकून जातं का कुणी?

त्यांचा मुलगा सतीश पुण्याहून आला. धरणाकाठच्या एका कॅम्पवाल्याला गाडी हवी होती. लोकांना फोटो काढायला ती तळ्याकडे तोंड करून उभी करायची आणि मागे माती भरून फुलझाडं लावायची. मावशींनी ऐकून घेतलं. "आदी मला म्होरं बसवून यात्रंला न्हे," त्या म्हणाल्या. "मंग गाडी ऱ्हाती का जाती, ते बगू." सतीश सोमाटण्याच्या मेकॅनिककडे जाऊन आला. मेकॅनिक म्हणाला, गाडी माझ्याकडे घेऊन या. ब्रेक नसलेली गाडी! सतीश हात झटकून पुण्याला परत गेला.

पुढच्या रविवारी चहा तसाच ठेवून मी स्वतःच त्यांच्या दारात गेले. इतकी वर्षं वर बसून दाबलं, खाली कधी वाकले नव्हते. पण हुकूम तोंडपाठ होते.

"मावशी, वर बसा. पेडल दाबायला कुणीतरी हवं."

मावशी गाडीकडे बघत राहिल्या. मग पदर खोचला. "हे बसनं धरायचं न्हाई हां, बाई. हे कामाचं हाय." आणि दांडा धरून त्या सावकाश आबांच्या जागेवर चढल्या.

मी चाकामागे आडवी झाले. खडी पाठीत टोचत होती, तेल कोपरापर्यंत ओघळलं. चारही चाकं पुरी होईस्तोवर ऊन डोक्यावर आलं, आणि तितका वेळ मी आबांच्या नावाने बोटं मोडत होते. शेवटच्या चाकाशी म्हटलं, "दाबा. दाबा. आता धरा." नट सैल केला. एकही बुडबुडा नाही, नुसतं स्वच्छ तेल. नट आवळला. "सोडा."

पाय उचलला की स्प्रिंगचा खट् असा आवाज येतो. तो आला नाही.

"मावशी, सोडा आता."

"ऱ्हाऊ द्या वाईच," वरून आवाज आला. "दगडावानी झालंय, बाई. त्यास्नी पायजे व्हतं तसं."

त्या पेडल धरून बसून राहिल्या आणि मी चाकामागे तशीच पडून राहिले.