बेसिंगस्टोकचा नरसिंह

देव प्रकट व्हायला युगानुयुगांची तपश्चर्या लागते, असं जाणकार सांगतात. इंग्लंडात, बेसिंगस्टोकला आमच्या शेजारी राहणाऱ्या डॉक्टरकाकांना गॅरेज, मासेमारीची दोरी आणि पितळी बिजागऱ्या पुरल्या.

काका हाडांचे निवृत्त डॉक्टर. माणसाला ते खालून वर बघतात. रस्त्यात अनोळखी गोऱ्याला थांबवून "डावा गुडघा दाखवून घ्या" म्हणतात, आणि तो थँक्यू म्हणून आधीपेक्षा जास्त लंगडत जातो. लंडनच्या एका संग्रहालयात मला घेऊन गेले, तिथं तर ते काचेच्या कपाटाशेजारी सरळ उताणे झोपले. आत कॅनडाच्या किनाऱ्यावरच्या आदिवासींचा नाचातला मुखवटा होता. दोरी ओढली की कावळ्याची चोच दुभंगते आणि आतून माणसाचा चेहरा निघतो. रखवालदारानं विचारलं, "सर, बरं वाटत नाहीये का?" काका म्हणाले, "हिंज जॉइंट. ब्यूटिफुल." मग मला म्हणाले, "कावळा त्यांच्या घराण्याचा, त्याला आपण हात लावायचा नाही. दोरी कुठून जाते तेवढं बघून ठेव. आपल्याकडे नरसिंह आहे."

काका जव्हारकडचे, कोकणा आदिवासी. तिथल्या बोहाड्यात देवांचे मुखवटे चढवून नाचतात, आणि कुठला देव कुणी नाचवायचा हा घराण्याचा मान असतो. यांच्याकडचा नरसिंह थोरले भाऊ, दादा, नाचवत आले. आता दादांचे गुडघे गेले आणि मान चुलत भावांकडे जायची वेळ आली. काकांनी फोनवर "मी नाचवतो" म्हटलं, तर दादा म्हणाले, "जन्मभर दुसऱ्यांचे पाय बघितलेस. तुझे आम्ही कुठं बघितले? आधी दाखव."

मग हिवाळाभर गॅरेजमध्ये लाकूड तासणं आणि नाचाचा सराव सुरू झाला. काकू म्हणायच्या, "अहो, कार बाहेर भिजतेय."

"कारला इन्शुरन्स आहे."

पुढं इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत अध्यक्षांनी वारशावर इतकं बोलून घेतलं की वारशाला वेळ उरला नाही. "डॉक्टर, जेवणाआधी उरका हं." मी फोन धरून दादांना दाखवत होतो. स्पीकरवर सांबळाचा ठेका सुरू झाला आणि रंगवलेल्या लाकडी खांबाचा मुखवटा तोंडावर चढवून काका पुढे-मागे नाचू लागले.

"पाय बरा पडतोय," दादा फोनमधून नाइलाजानं म्हणाले.

काकांनी दोरी ओढली. काहीच झालं नाही. पुन्हा ओढली. नाच संपला असं समजून अध्यक्षांनी टाळ्या सुरू केल्या. मुखवटा चढल्यावर बोलायचं नसतं, त्यामुळे काकांना खुलासाही करता येईना. ते थांबले, मान शांतपणे तिरपी केली आणि निखळलेला खांदा बसवतात तसा एक हिसका दिला. खाडकन खांब दुभंगला आणि आतून लालभडक जिभेचा नरसिंह बाहेर आला. अख्खा हॉल उभा राहिला. पहिल्या रांगेतलं एक मूल भोकाड पसरून रडलं. एवढी प्रामाणिक दाद मंडळात पूर्वी कुणाला मिळाली नव्हती. एरवी स्वतःला कट्टर नास्तिक म्हणवणारे अध्यक्ष जाऊन पाया पडले.

फोनमध्ये दादा भिंतीला धरून उठले आणि त्यांनी हात जोडले. धाकट्या भावाला त्यांनी ते जन्मात जोडले नसते. "त्याला सांग, उन्हाळ्यात ये म्हणावं," ते मला म्हणाले. "चुलत भावांशी मी बोलतो."

निरोप मी दिला. त्यानंतर आठवडाभर काका मला विचारत होते, "दोन्ही हात जोडले?"

त्यांना ते दिसले नव्हते. त्या मुखवट्यातून बघायला नाकपुडीएवढी दोनच भोकं आहेत, आणि ऐन वेळी ती अध्यक्षांच्या टकलासमोर होती.