चांगुणाचा बिनहळदीचा चीक

चांगुणाच्या तोंडात तीळ भिजत न्हाई, पर हात लई मोकळा. गाय व्याली की आळीत घरटी चीक पोचवनार, बोलनं बंद आसलेल्या माझ्या घरीबी. कुणी इकत मागितला तर अंगावर येती. "चीक काय इकायची वस्तू हाय?"

बोलनं बंद का, तर मागं तिची गाय आटली तवा भर आळीत म्हनली, "राहीची नजर लागली." मी तर तिच्या गोठ्याकडं ढुंकूनबी बघत न्हाई.

परवा गाय व्याली. तिच्या भावाची पोरगी मोनिका नगरला प्रयोगशाळेत हाय, ती बर्फाचा डबा घिऊन आली. म्हनली, पेशी बारीक बारीक पिशव्या सोडत्यात, त्यात दुसऱ्या पेशींसाठी निरोप आसतो. चिकात त्या लई. त्या येगळ्या काढून शुगरच्या जखमेवर लावायच्या, जखम भरती का बघायचं. सध्या उंदरांवर, मानसांचं लई पुढं. चीक मात्र पहिल्या धारेचा, कच्चा पायजे.

चांगुणाच्या मालकाचा, रंगनाथभाऊंचा, पाय आसल्याच जखमेपाई कापला. ती लगेच उठली, बाटली भरली आन् वर चिमूटभर हळद सोडली. चीक दाराबाहेर चालला की नजर लागू नये म्हनून आमच्यात हळद टाकत्यातच.

मोनिकानं कपाळाला हात लावला. "आत्या, हळद सोताच जखमेचं औषध. आता जखम कशानं भरली, हे मला कळनार कसं?"

पहिली धार तर सगळी वाटून झालेली, घरोघरी हळद टाकूनच. आता गाय पुन्यांदा व्याल्याशिवाय न्हाई. चांगुणाच्या तोंडचं पानीच पळालं.

थोड्या येळानं ती माझ्या दारात. मान खाली.

"राहे, चीक शिजवला का गं?"

"तुझ्या चिकाचा खरवस मी खाते व्हय? फ्रिजात पडलाय."

"दे मला. ह्यांचा पाय गेला, आनखी कुनाचा तरी ऱ्हाऊ दे."

आता ह्याला काय न्हाई म्हनावं? तांब्या काढून दिला. तिच्या मागोमाग आलेल्या मोनिकानं उजेडात धरून बघितला, तर हळदीचा कन न्हाई. पोरगी हरखली, चीक बाटलीत ओतला आन् डबा घिऊन नगरच्या जीपकडं पळत सुटली.

चांगुणा उंबऱ्यातच उभी. मला ऱ्हावलं न्हाई. "साऱ्या आळीला हळद, आन् माझी नजर लागती तर मलाच कशी न्हाई?"

"हात गेलता हळदीकडं," ती म्हनली. "पर तुला वाटलं आसतं, म्या आजून तेच धरून बसलीय. न्हाई गं धरलं. तवा रागात बोलून गेले."

मला एकदम रडू आलं. पर तिच्यापुढं रडते व्हय मी? तिला बस म्हनले आन् चहा टाकायला आत गेले.