दार आपटण्याची नोकरी

आमचे हे वयाने सत्तेचाळीस वर्षांचे आणि नोकरीने तेरा वर्षांचे. मी चेष्टा करत नाही. ज्या प्रकाशनात ते कामाला आहेत तिथे फक्त तेरा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींसाठी कथासंग्रह निघतात. मालकांचा नियम असा, की त्या वयाच्या वाचकाने पास केल्याशिवाय एकही गोष्ट छापायची नाही. तो वाचक म्हणजे हे. नेमणूक झाली तेव्हा ते खरोखरच तेरा वर्षांचे होते. पुढे तो विषय कुणी काढलाच नाही.

माझे सासरे त्याच छापखान्यात खिळे जुळवायचे आणि हे शाळेतून येताना त्यांचा डबा पोचवायचे. एकदा एका गोष्टीवरून मालक आणि संपादकबाईंची जुंपली होती. बाई म्हणत, टाकून द्या, मालक म्हणत, छापू. घोडं काही पुढे सरकेना, तेव्हा मालकांनी डबा घेऊन उभ्या असलेल्या यांच्या हातात ती गोष्ट दिली. यांनी आतल्या खोलीत बसून ती वाचली, उठले, कुणाशी एक अक्षर न बोलता बाहेर आले आणि मागे दार असं आपटलं की भिंतीवरचं कॅलेंडर खाली आलं. मालक म्हणाले, "छापा." पुस्तक हातोहात खपलं, आणि यांना नोकरीला चिकटवून घेतलं.

तेव्हापासून तिथे दारावरच काम चालतं. हे खोलीत गोष्ट वाचतात, बाहेर सगळे कान टवकारून बसतात. वाचून झाल्यावर दार नुसतं उघडं राहिलं तर गोष्ट लेखकाला परत. साधं लागलं तर ती संग्रहाच्या मध्ये कुठेतरी घालायची. आपटलं तर पहिली. आणि खिडकीच्या काचा थरथरल्या तर अख्ख्या पुस्तकाला त्याच गोष्टीचं नाव. बिजागऱ्या बदलायला एक सुतार कायमचा बांधलेला आहे. सगळ्या ऑफिसला चहा मिळतो, यांना दूध. मालकांचं म्हणणं, चहाने वय वाढतं.

आमचं लग्न ठरताना माझ्या वडिलांनी विचारलं होतं, "मुलगा काय करतो?" मध्यस्थ म्हणाला, "वाचतो."

"वाचून काय करतो?"

"दार आपटतो."

वडिलांनी आठवडाभर शेजारीपाजारी चौकशी केली, की मुलगा तापट आहे का. उलट कळलं ते असं, की एवढा शांत मुलगा गल्लीत दुसरा नाही. आणि ते खरंच आहे. घरात हे दार लावतात ते कडी हातात धरून, आवाज होऊ न देता. ऑफिसचं काम घरी आणायचं नाही, असं त्यांचं तत्त्व.

फक्त एकदा आणलं. त्या सकाळी हे खुशीत होते, गुणगुणत ऑफिसात गेले. संपादकबाईंनी लगेच परत पाठवलं. या वयाचा वाचक घुश्शात असल्याशिवाय त्याचं मत ग्राह्य धरता येत नाही, म्हणे. मी कणीक मळत होते. हे दारात उभे राहून म्हणाले, "जरा भांड ना माझ्याशी. साडेअकराला गोष्ट वाचायची आहे."

मी म्हटलं, "कशावरून भांडू? तुम्ही काही केलं तर पाहिजे."

"तेच काढ. काहीच करत नाही, असं म्हण."

मी म्हणायला सुरुवात केली आणि काय सांगू, मलाच मजा यायला लागली. बरंच साठलेलं होतं. हे पडलेल्या चेहऱ्याने ऑफिसला गेले आणि त्या दिवशीची गोष्ट काचांपर्यंत पोचली.

असं सगळं सुरळीत चाललं होतं. मग लागोपाठ दोन संग्रह दुकानांतून गठ्ठेच्या गठ्ठे परत आले. दोन्ही वेळी काचा थरथरल्या होत्या. दुकानदार सांगायचे, मुलं पुस्तक उचलतात, दोन पानं वाचतात आणि पालथं ठेवतात. नाचता येईना अंगण वाकडं तसं मालकांनी दारावर संशय घेतला आणि सुताराला बोलावलं. सुताराने दार उघडून, मिटून, ठोकून पाहिलं आणि म्हणाला, "दार ठणठणीत आहे, साहेब. आता माणूस तपासा."

मग परीक्षा ठरली. नव्या संग्रहाच्या गोष्टी एका खोलीत हे वाचतील, समोरच्या खोलीत खरोखरीच्या वयाचं कुणीतरी. दोन्ही दारं जुळली तर नोकरी शाबूत, नाही जुळली तर यांनी गोदामात जाऊन गठ्ठे बांधायचे. आणि खरोखरीच्या वयाचं कुणीतरी म्हणून मालकांनी आमच्याच मुलीला बोलावलं. चिंगी चौदा वर्षांची. खाण तशी माती, असा मालकांचा हिशेब.

हिशेब कागदावर बरोबर होता. अडचण एवढीच, की चिंगी बापाशी बोलत नव्हती. त्याचं कारणही ऐका. घरी पाहुणे आले होते, पोर एका कोपऱ्यात तोंड पाडून बसली होती. आत्याने विचारलं, हिला काय झालंय? हे कौतुकाने म्हणाले, "मला माहीत आहे. या वयाचं मला सगळं कळतं, माझी नोकरीच आहे ती." चिंगी उठली, आत गेली आणि तिने दार आपटलं. यांनी मान तिरकी करून ऐकलं आणि पाहुण्यांना सांगितलं, "मध्यम. संग्रहात चौथी-पाचवी लागेल."

त्यानंतर पंधरवडा झाला, पोरीने बापाकडे मीठसुद्धा मागितलं नाही.

परीक्षा जवळ आली तसं यांना अन्न गोड लागेना. दुसरं कुठलंच काम त्यांना येत नाही. आयुष्यभर एका माणसाने फक्त तेरा वर्षांच्या मुलासारखं वाचलं आहे. त्याने ते हरवलं तर त्याच्याकडे उरतं काय, हे मला त्यांच्या तोंडाकडे बघून कळत होतं. मी चिंगीला बाजूला घेतलं. म्हटलं, "आधी बाबाचं दार ऐक, मग तुझं लाव. एवढं कर बापासाठी."

ती म्हणाली, "आई, मी खोटं दार आपटत नाही."

घरात तत्त्वाची दोन माणसं असली की तिसऱ्याची फरफट होते.

परीक्षेच्या दिवशी मलाही जावं लागलं. मुलगी लहान, तेव्हा पालक हजर हवा, आणि वडील तर तिच्याहून एक वर्षाने लहान, त्यांना पालक धरता येईना. मालक मधल्या बोळकांडीत खुर्ची टाकून बसले. एका बाजूला संपादकबाई, एका बाजूला मी. सुताराने दोन्ही दारांना तेल घातलं आणि दोन्ही सारख्या वजनाची आहेत, अशी ग्वाही दिली. चिंगी आत जाताना बाई तिला म्हणाल्या, "दूध घेणार?" चिंगी म्हणाली, "चहा." मालकांच्या कपाळाला आठी पडली.

पहिली गोष्ट एका मुलाची होती, तो घरातून पळून जातो आणि जेवणाच्या वेळेला परत येतो. यांनी दार आपटलं. चिंगीचं उघडं राहिलं, शिवाय ती बोळकांडीत येऊन जांभई देऊन गेली. दुसरी गोष्ट परीक्षेत नापास झालेल्या मुलीची. यांचं दार धाडकन, तिचं उघडंच. तिसऱ्या गोष्टीला यांनी असं आपटलं की बाईंच्या कपातला चहा बशीत आला. मला कळलं, हे घाबरले आहेत. हे गोष्टीसाठी आपटतच नव्हते, नोकरीसाठी आपटत होते. तेवढ्यात समोरून चिंगीने विचारलं, "अजून किती आहेत?"

मालक म्हणाले, "एकच. ही जुळली तरी मी धरीन. जुन्या माणसाला एवढी सवलत देतो."

शेवटची गोष्ट मी नंतर वाचली, म्हणून सांगते. एक मुलगी असते. तिचा बाप चांगला असतो, अगदी प्रेमळ. तिला काय वाटतंय ते तो तिच्या आधी ओळखतो आणि घरभर सांगतो. आज हिला राग आलाय, आज हिला एकटं वाटतंय, आज हिचं मैत्रिणीशी बिनसलंय. आणि दर वेळी त्याचं बरोबर निघतं. शेवटी ती मुलगी त्याचा अंदाज चुकवण्यासाठी न आवडणारे कपडे घालायला लागते, न आवडणाऱ्या मुलींशी मैत्री करते, आणि एक दिवस तिला स्वतःलाच आठवेनासं होतं की आपल्याला नक्की काय आवडतं. बाप तेही ओळखतो.

चिंगीचं दार आधी वाजलं. वाजलं म्हणजे काय, वरच्या झडपेची काच निखळून खाली आली आणि फुटली. सुतार खाली बसला. मालकांचे डोळे चमकले. आता फक्त यांचं दार. आम्ही सगळे तिकडे बघत राहिलो. मी मनात म्हणत होते, आपटा हो, एकदाच आपटा, आता तर कळलंच आहे काय करायचं ते.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. हे बाहेर आले, वळले, कडी हातात धरली आणि घरी लावतात तसं हळूच, आवाज न होऊ देता लावून घेतलं.

मालक म्हणाले, "नाही आवडली?"

"आवडली," हे म्हणाले. "फार आवडली. पण मला सारखी त्या बापाची काळजी वाटत होती."

मालक चोरी पकडल्यासारखे म्हणाले, "तू मोठा झालास."

यांनी मान खाली घातली. एवढा उंच माणूस, पण त्या बोळकांडीत खरंच तेरा वर्षांचा दिसत होता. मला मालकांचा असा राग आला की तिथल्या तिथे मीच एखादं दार शोधत होते.

मालक मात्र लगेच कामाला लागले. फुटलेली काच चपलेने बाजूला सारत म्हणाले, "ठरलं तर. उद्यापासून मुलगी. पगार तोच, खोली तीच. शाळा सांभाळून यायचं. हिचा आवाज चांगला वीसेक वर्षं टिकेल."

खरं सांगते, मी क्षणभर मोहात पडले. पगार घरातच राहणार होता. चिंगीचा चेहरा फुलला होता. बाईंनी तर दूधवाल्याचं नावही काढलं. आणि तेव्हा हे बोलले, लग्नानंतर मी त्यांचा तो आवाज कधी ऐकला नव्हता. मोठा नव्हता, पण बाईंचं दूधवाल्याचं बोलणं तिथेच थांबलं.

"नाही," हे म्हणाले. "ती नाही करणार."

"का?"

"पुढच्या वर्षी ती पंधरा वर्षांची होईल. होऊ दे. मग सोळा वर्षांची होईल."

"मग आमच्या गोष्टी वाचणार कोण?"

"शाळेत जा आणि मुलांना विचारा. दर वर्षी नवी मुलं बोलवा. मी गठ्ठे बांधतो."

मालक पुटपुटले, दर वर्षी नवी मुलं म्हणजे कारखाना चालायचा कसा. यांनी खोलीतून आपली पिशवी आणली आणि आम्ही तिघं बाहेर पडलो.

रस्त्यात हे पुढे, चिंगी मागे, मी मधे. मला वाटलं, चला, बापाने लेकीसाठी घरातल्या पगारावर पाणी सोडलं, आता तरी हिचा अबोला सुटेल. सुटला, पण मला वाटला होता तसा नाही. कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबाशी ती थांबली आणि मोठ्याने म्हणाली, "बाबा, मी करणार नाही हे तू कसं ठरवलंस?"

हे वळले. म्हणाले, "अगं, मला माहीत होतं की तुला..." आणि तिथेच अडकले. त्यांना ती गोष्ट आठवली असणार, कारण कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले.

मग ते तिच्यापर्यंत मागे चालत आले. म्हणाले, "मला माहीत नव्हतं. चुकलं माझं. आता विचारतो. तुला करायची आहे ती नोकरी?"

चिंगीने विचार केला. चांगला वेळ घेतला तिने, आमच्या बाजूने दोन सायकली आणि एक हातगाडी गेली. यांनी मधे एकदाही तोंड उघडलं नाही, कधी नव्हे ते अंदाजसुद्धा केला नाही. नुसते उभे राहिले, पिशवी छातीशी धरून.

"नाही," ती म्हणाली. मग ती त्यांच्या बरोबरीने चालायला लागली.