माणसाची आणेवारी

"बरा म्हणजे किती?"

रोगी बरा आहे असं कुणी म्हणालं की सिस्टरांचा हा प्रश्न ठरलेला. चष्मा कपाळावर चढवायचा, शाईचं पेन कार्डावर टेकवायचं आणि आकडा येईपर्यंत जागचं हलायचं नाही. तुम्ही आमच्या दवाखान्यात असतात तर आधी हसला असतात आणि मग आमच्यासारखेच वैतागला असतात.

सिस्टर म्हणजे नर्स. वसईकडच्या केळीच्या वाडीवाल्या ख्रिस्ती घरातल्या. मुंबईला वेड्यांच्या इस्पितळात उभी हयात काढून त्या गावी परतल्या होत्या. सत्तरचं दशक सरत आलं होतं. आगाशीला एका संस्थेचा छोटा दवाखाना होता. दर गुरुवारी मनाच्या आजारांचे डॉक्टर मुंबईहून यायचे आणि बाकीचे दिवस आम्ही चार आरोग्यसेवक सायकलवरून रोग्यांच्या घरी जायचो. आम्हाला शिकवायला सिस्टरांना नेमलं होतं.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझी वही उघडली. एकाच रोग्याची वीस पानं, आणि वीसही पानांवर 'सुधारणा आहे'.

"मग हा एव्हाना कलेक्टर झाला असेल," त्या म्हणाल्या.

त्यांची पद्धत साधी होती. झोप, जेवण, काम आणि बोलणं. प्रत्येकाला चार आणे, मिळून सोळा. आणे चलनातून जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण भाताची आणेवारी आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळायची. "पिकाची काढतात तशी माणसाची काढायची. दर आठवड्याला. आणि बांधावर जाऊन, चावडीत बसून नाही." विचारायचं ते रोग्यालाच, घरच्यांना बाजूला करून. मागचा आकडा त्याला दाखवायचा. 'असेल', 'वाटतं' हे शब्द कार्डावर चालायचे नाहीत.

डॉक्टरांना हे सगळं पोरखेळ वाटायचं. "सिस्टर, मला चेहरा बघून कळतं."

"चेहरा बघून लग्नं ठरतात, डॉक्टर. गोळ्या नाही."

त्यांना स्वतःला कशा आहात विचारलं तरी उत्तर तयार असायचं : "अकरा आणे. दोन आणे गुडघा खातो, तीन आणे तुम्ही चौघे."

माझ्याकडे अर्नाळ्याचा एक तरुण कोळी होता. आजारात तो ओरडत किनाऱ्याने पळायचा. गोळ्यांनी गप्प झाला. त्याच्या कामाचं माप जाळं. दिवसाला सहा हात जाळं विणलं की चार आणे, असं त्यानंच ठरवलं होतं. आई दारातूनच सांगायची, "बरा हाय रं बाबा. कुनाला तरास नाय, काय नाय." तो मात्र खाली बघून हळूहळू आकडे सांगायचा. एका आठवड्यात तेरा आणे झाले, पुढच्या अकरा, मग आठ, मग पाच. जाळं एक हातही नाही. चारही आकडे माझ्या अक्षरात आहेत.

सिस्टरांनी कार्डावर बोट ठेवलं. "हा विझत चाललाय. गुरुवारी डॉक्टरांना याच्या घरी न्यायचं."

त्या गुरुवारी संस्थेची मंडळी मुंबईहून आली होती. डॉक्टरांनी सुधारलेल्या रोग्यांची यादी वाचली. पहिलं नाव त्याचंच. सिस्टर उठल्या. "सोमवारच्या कार्डावर पाच आणे आहेत."

संस्थेच्या अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं. तीन वर्षं मी हंगामी होतो. मला कायम करायचा कागद त्याच दिवशी त्यांच्या सहीला ठेवलाय, हे डॉक्टरांनी मला सकाळीच कानात सांगितलं होतं.

"बरा आहे, साहेब," मी म्हणालो.

"बरा म्हणजे किती?" सिस्टरांनी विचारलं.

"बारा आणे. आज सकाळीच जाऊन आलो."

गेलो नव्हतो. सिस्टरांनी दाराशी काढलेल्या माझ्या चपलांकडे बघितलं. अर्नाळ्याहून आलेल्याच्या चपलांना वाळू असते. माझ्या स्वच्छ होत्या. त्यांनी काही बोलायला तोंड उघडलं, मिटलं आणि त्या खाली बसल्या. माझ्या कागदावर सही झाली.

संध्याकाळी त्या एवढंच म्हणाल्या, "उद्या पहिल्या बसने आपण दोघं जाऊ."

गेलो. ओट्यावर अर्धवट जाळं पडलं होतं, तो नव्हता. दोन दिवसांनी कळंबच्या किनाऱ्याला सापडला. आईनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "तू इचारायचास तवाच बोलायचा रं तो."

डॉक्टरांच्या अहवालात बारा आणे तसेच राहिले. मला कुणी जाब विचारला नाही. मीच निर्लज्जासारखा सिस्टरांना विचारायला गेलो, तुम्ही तेव्हाच का नाही बोललात म्हणून.

"तुझी नोकरी गेली असती. म्हटलं, एका रात्रीने काय होतंय." मग त्या म्हणाल्या, "शेवटी मीही चावडीतच बसून राहिले, बघ."

महिन्याभरात त्यांनी काम सोडलं. मी कायम झालो, त्याच नोकरीतून निवृत्त झालो, पेढेसुद्धा वाटले.

त्यांना देवाघरी जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. शेवटच्या दिसल्या त्या आगाशीच्या बाजारात, वाळवलेल्या सुकेळ्यांचं पुडकं हातात धरून विरारच्या बससाठी उभ्या. मी टाळणार होतो, पण त्यांनी मला बघितलं होतं.

"सिस्टर, कशा आहात?"

मी आकड्याची वाट बघत राहिलो. दोन आणे म्हणाल्या असत्या तरी मला चाललं असतं.

"बरी आहे," त्या म्हणाल्या आणि बसमध्ये चढल्या.

पुढचा प्रश्न त्यांनीच मला शिकवला होता. तो माझ्या तोंडातून निघाला नाही आणि बस सुटली.